जाळाच्या तोंडाला

विसू, ते दोन शब्द मी गाळले.

एवढे एक वाक्य लिहायला मला सात वर्षे लागली, आणि ज्याला ते वाचून दाखवायचे तो वीस दिवसांपूर्वी कल्याणच्या खाडीकाठी जळून राख झाला. आपले नेहमी असेच. तू आधी पोचायचास आणि मी मागून धापा टाकत यायचो. मरतानाही तू माझ्यासाठी थांबला नाहीस.

तुझ्यावर लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. वाचनालयात तुझ्यासाठी सभा भरली तेव्हा तिघे बोलले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. तुझी वकिली, तुझा परोपकार, तुझा गोड आवाज. एकाने तर तुझ्या अक्षराचीही स्तुती केली. तेव्हा मात्र मला राहवेना. विसू, तुझे अक्षर कोंबडीने माती उकरावी तसे होते आणि हे तुझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. मेलेला माणूस नव्या चुका करत नाही आणि त्याच्या जुन्या चुका लोक पुसून टाकतात. माझ्यापेक्षा वरचढ व्हायला तुला आता हीही सोय झाली आहे.

पण मी सांगत होतो ते दोन शब्दांचे.

धाकू गवळ्याची जबानी माझ्या हातची आहे. मलंगाच्या डोंगराखाली सरकारने राखून ठेवलेल्या रानाला आग लावली, म्हणून जंगलखात्याच्या रखवालदाराने त्याला धरून आमच्या कचेरीत आणले होते. मामलेदार रावसाहेब विचारत होते, धाकू सांगत होता आणि मी मोडीत उतरवून घेत होतो. त्याचे दोन्ही तळहात भाजलेले होते. तो म्हणाला, "वणवा वरून वाडीवर आला. वासरं दावणीला. तवा मी जाळाच्या तोंडाला जाळ सोडला."

मी लिहिले, "तेव्हा मी जाळ सोडला."

तू आणि मी शीळच्या रानात वाढलो, म्हणून आपल्याला निराळे सांगावे लागत नव्हते. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी सांगतो. वणवा वस्तीवर चालून येतो तेव्हा पाण्याने तो विझत नाही, कारण एवढे पाणी डोंगरावर नसते. मग गवळी वस्तीच्या बाजूने गवताची एक पट्टी स्वतःच पेटवून वणव्याकडे सोडतात आणि मागची बाजू ओल्या फांद्यांनी झोडपून विझवतात. वणवा तिथवर येतो, त्याला खायला काही उरलेले नसते, आणि तो मरतो. याला त्यांच्या बोलीत जाळ सोडणे म्हणतात. पावसाळ्यात कोवळे गवत यावे म्हणून काही जण उन्हाळ्यात रान पेटवतात, तो गुन्हा निराळा आणि त्याला शब्दही निराळा. त्याला ते रान भाजणे म्हणतात. कोणताही गवळी या दोहोंची गल्लत करणार नाही. आमचे रावसाहेब देशावरून आलेले. त्यांना जाळ म्हणजे जाळ.

जबानी संपली की ती वाचून दाखवायची असते. मी ती नेहमीसारखी एका दमात वाचली आणि विचारले, "बरोबर आहे?" धाकू म्हणाला, "व्हय, सोडला." त्याच्या कानांना त्यात काही उणे वाटले नाही, कारण जाळ सोडायचा तो वणव्याच्या तोंडालाच. मी खाली "वाचून दाखविली, बरोबर आहे म्हणतो" असे लिहिले आणि त्याने आपली निशाणी म्हणून छोटासा कोयता काढला. भाजलेल्या बोटांनी त्याला लेखणी नीट धरता येईना. मी त्याचा हात धरून ठेवला होता.

चूक घाईत झाली असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितले. कारकून शब्द गाळतातच; सगळे उतरवीत बसले तर कचेरी उठायची नाही. पण विसू, ते खरे नाही. जबानी सुरू होण्याआधी धाकू माझ्याकडे वाकला होता आणि हळूच म्हणाला होता, "नीट लिवा हां, दादा. वकीलसायब येनार हायत माझ्याकडून. तुमी त्यांचेच दोस्त ना?"

तुमी त्यांचेच दोस्त ना. एवढेच. माझ्या सबंध आयुष्याचे वर्णन त्या गवळ्याने एका वाक्यात केले होते. कल्याणात मला कोणी गोविंदराव म्हणून ओळखत नव्हते. भाजीवाली, टपालवाला, देवळातले गुरव, सगळ्यांना मी विसू वकिलांचा दोस्त होतो. त्या दुपारी त्या शब्दांजवळ माझी लेखणी आली, आणि मला स्पष्ट दिसले की हे दोन शब्द कागदावर गेले की तू येशील, त्यांच्यावर बोट ठेवशील, धाकू सुटेल, आणि संध्याकाळी गावभर तुझे नाव होईल. लेखणी पुढे सरकली. थांबली नाही, अडखळली नाही. माझे अक्षर त्या ओळीतही सुंदर आहे.

*

तुला आठवते का, तो वणवा आपण दोघांनी पाहिला होता?

शीळला माझे आजोळ. तू माझा पाहुणा म्हणून आला होतास. आपण तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असू. भर दुपारी डोंगरावरून धूर उतरू लागला आणि मामा ओरडत धावले. गवळ्यांची एक म्हातारी पदर खोचून पुढे झाली आणि तिने पट्टी पेटवली. बाकीच्यांना तिने निरगुडीच्या ओल्या फांद्या दिल्या, तुला आणि मलाही. जाळ पुरुषभर उठला तेव्हा मी फांदी टाकून विहिरीपर्यंत पळालो. तू उभा राहिलास. तुझ्या भुवया जळल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सबंध शीळमध्ये तुझे नाव. मामी तुला मांडीशी घेऊन भुवयांना लोणी लावत होती आणि सांगत होती, "पाहुण्याचं पोर, पण छाती बघा." आजोळ माझे आणि कौतुक तुझे. त्या दुपारी मी विहिरीच्या काठावर बसून मनात म्हटले होते, याला इथे परत आणायचे नाही. पुढच्या वर्षी मामीनेच तुझ्यासाठी निरोप पाठवला.

पुढे आपण ठाण्याला शिकलो. वकिलीच्या परीक्षेला दोघे बसलो. टिपणे माझी होती. तू ती माझ्याकडून नेलीस, वाचलीस आणि पास झालास. मी तीच टिपणे लिहून नापास झालो. त्यावर तू काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, मला आठवते. "गोंद्या, तुझं अक्षर इतकं चांगलं आहे की वाचणारा मजकूर वाचतच नाही, अक्षरच बघत बसतो." तू मला हसवण्यासाठी म्हणालास. मी हसलोही. मग कारकुनीला लागलो आणि तू दर आठ-पंधरा दिवसांनी कचेरीत येऊन माझ्या मेजावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणायचास, "या माणसाची मोडी बघा. याने खोटं लिहिलं तरी खरं वाटेल."

धाकूच्या खटल्यानंतर तू माझ्या अक्षराची थट्टा पुन्हा कधी केली नाहीस. तेवढ्यावरून मला कळायला हवे होते.

*

जबानीची नक्कल घेऊन तू माझ्या घरी आलास. मी जेवायला बसलो होतो. माझ्या बायकोने तुझे पान मांडले. तू आलास की ती न विचारता पान मांडायची आणि आमटीत गूळ जरा जास्त टाकायची, कारण तुला तसे आवडते. मला गोड आमटी आवडत नाही हे तिला वीस वर्षांत कळले नाही. कळले असेल. तू आलास की त्याला महत्त्व राहत नसे.

तू नक्कल पाटाखाली ठेवलीस आणि म्हणालास, "गोंद्या, धाकू एवढंच म्हणाला?"

"कागदावर आहे तेवढंच म्हणाला."

"नुसतं जाळ सोडला? तोंडाला म्हणाला नाही?"

"मी काय बहिरा आहे?"

तू माझ्याकडे पाहिलेस. फार वेळ नाही. मग भात कालवलास, घास घेतलास आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालास, "वहिनी, आमटी उत्तम झाली आहे." ती आतून म्हणाली, "इकडे कुणी म्हणत नाही कधी." तू म्हणालास, "तो मनात म्हणतो. त्याचं सगळं मनात." आणि आपण तिघेही हसलो.

मी त्या हसण्याचा पुष्कळ विचार केला आहे.

इथे कल्याणला धाकूचा गुन्हा साबीत झाला. त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. तू त्याला जामिनावर सोडवून ठाण्याला अपील केलेस आणि दप्तर घेऊन मलाच जावे लागले. जाताना गाडीत आपला वाद झाला. तोच वाद, जो कधी मिटला नाही. मी म्हणालो, "त्यांनी इतर वर्षी रान भाजलं नाही, असं तू देवासमोर सांगशील?" तू म्हणालास, "नाही सांगणार. भाजलं असेल. त्या वर्षीचा खटला त्या वर्षी भरावा. या वर्षी त्याने वासरं वाचवली." मी म्हणालो, "रान सरकारी. त्यात काडी कुणी का ओढली याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही." तू म्हणालास, "मग घरात शिरलेल्या सापाला मारणारा आणि वाटसरूला मारणारा, दोघांच्या हातात काठीच असते. कायद्याने काठी तेवढी बघावी काय?" उत्तर मला कळवा गेल्यावर सुचले, तोवर तू झोपला होतास.

आता ते उत्तर मला आठवत नाही. इतकी वर्षे जपले होते. तुझ्या मृत्यूची बातमी आली त्या सकाळपासून ते कुठे गेले कोण जाणे.

ठाण्याला कोर्टात तू बोलायला उभा राहिलास. गवळ्यांच्या बोलीत जाळ सोडण्याचा अर्थ काय, हे तू सांगितलेस. न्यायाधीश म्हणाले, "जबानीत तर फक्त जाळ सोडल्याचं कबूल आहे. तो वणव्यासमोर सोडला असं त्यात कुठे आहे? ज्याने ही लिहून घेतली तो इथे हजर आहे काय?"

मी दाराजवळ दप्तराच्या गाठोड्यावर बसलो होतो. तू वळून माझ्याकडे पाहिलेही नाहीस. म्हणालास, "त्याची आवश्यकता नाही."

विसू, त्या क्षणी मला काय वाटले ते मी आज लिहितो. मला वाटले, बघा याचा गर्व. माझ्या साक्षीवाचून आपण जिंकू असे याला वाटते. तुला माझी गरज नाही, याचा मला राग आला. आणि अपील फेटाळले गेले तेव्हा मला आनंद झाला. परतीच्या गाडीत तू खाडीवरून मिठागरांकडे पाहत म्हणालास, "मिठाच्या राशी उन्हात कशा चमकतायत बघ." तू प्रथमच पुरता हरला होतास, माझ्या डोळ्यांसमोर हरला होतास. मी ठाण्यापासून कल्याणपर्यंत तो आनंद तोंडात खडीसाखरेसारखा धरून बसलो होतो.

*

तीन महिन्यांनी धाकू सुटला. मला वाटले, झाले, संपले. पण सरकारचा नियम असा, की राखीव रानात कोणी मुद्दाम आग लावल्याचे ठरले तर त्या वाडीची चराईच बंद करता येते. एका माणसाची नव्हे, सबंध वाडीची. धाकूच्या कबुलीवरून गवळवाडीची चराई बंद झाली. म्हशी एकेक करून गेल्या. ज्यांच्या घरचे दूध कल्याणात रोज सकाळी यायचे, त्यांतले निम्मे आता कल्याणात दुसऱ्यांच्या म्हशी धुतात. बाजारात त्यांच्यापैकी कोणी दिसला की मी दुसऱ्या गल्लीने जात असे.

तू मात्र त्यांच्यासाठी दरवर्षी अर्ज करत राहिलास. दरवर्षी तो नामंजूर होऊन यायचा आणि शेरा तोच असायचा: आरोपीने जबानीत कबूल केले आहे. तो शेरा नोंदवहीत माझ्याच हाताने चढायचा. आपण दोघे आठवड्यातून दोनदा काळ्या तलावावर फिरायला जायचो. गवळवाडीचा विषय तू कधी काढला नाहीस आणि मीही नाही. बाकी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर आपण भांडलो.

तू आजारी पडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आलो होतो. ठरवून आलो होतो. वाक्यही ठरवले होते, हेच, वर लिहिले आहे ते. तुझ्या उशाशी बसलो. ताप चढला होता. तू डोळे उघडून म्हणालास, "गोंद्या, आंबे लागले असतील. शीळला जायचं?" मी म्हणालो, "जाऊ." आणि मी तोंड उघडणार तोच तुझे अशील आले, मग शेजारी, मग वैद्य. खोलीत बसायला जागा उरली नाही. तुझ्या आजारपणातही मला तू एकटा मिळाला नाहीस. मी रागाने उठून घरी आलो. उद्या बोलू म्हटले.

तुला खाडीवर नेले तेव्हा गवळवाडीचे लोक आले होते. लांब, बाभळीपाशी उभे होते. धाकूने पानाच्या द्रोणात तूप आणले होते. सगळ्या वाडीत आता एक गाय उरली आहे, तिचे. ते त्याने पुढे येऊन खाली ठेवले आणि मागे सरकला. मी त्या द्रोणाकडे बघत होतो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की माझ्या मढ्याला तूप कोण आणील? तू समोर सरणावर होतास, आणि मी हा हिशेब करत होतो.

चिता पेटली आणि धूर आमच्यावर आला. लोक खोकू लागले. धाकू लांबूनच म्हणाला, "मंडळी, तिथं नका उभे ऱ्हाऊ. वारा आता जोर धरंल. वरल्या अंगाला व्हा." आम्ही सगळे, वकील, कारकून, सावकार, त्याच्या सांगण्याबरोबर वरच्या बाजूला झालो. वाऱ्याने जोर धरला आणि आम्ही होतो तिथवर जाळ आला. आग लावणारा म्हणून सरकारदरबारी ज्याचे नाव लिहिले आहे, त्याने आगीपासून आम्हाला हलवले. नाव मी लिहिले आहे.

*

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला तुझ्या घरी बोलावून कागदांचे एक गाठोडे पुढे ठेवले.

"हे तुमच्याकडे द्यायचं, भावजी. दुसऱ्या कुणाकडे नको म्हणाले."

"केव्हा म्हणाले?"

"शेवटल्या दिवशी. म्हणाले, गोंद्याकडे दे, त्याला कळेल."

खोटे कशाला बोलू, माझी छाती फुगली. तुझ्याकडे हाताखाली शिकलेले दोन वकील आहेत. त्यांना नाही, मला. घरी येऊन मी गाठोडे सोडले. आत गवळवाडीचे सगळे अर्ज होते आणि सगळ्यांत खाली ती नक्कल, जी माझ्या घरी पाटाखाली होती. त्या ओळीपाशी, समासात, तुझ्या त्या कोंबडीच्या अक्षरात लिहिलेले होते: "येथे दोन शब्द राहिले आहेत."

तारीख अपिलाच्या आधीची.

राहिले आहेत. विसू, तू वकील होतास. शब्द राहतात केव्हा आणि गाळले जातात केव्हा हे तुला ठाऊक होते. तरी तू "राहिले" लिहिलेस. कोणाला दाखवण्यासाठी नाही, स्वतःच्याच कागदावर, जिथे माणूस खरे तेच लिहितो. माझ्याविषयी तू एकटा असतानाही वाईट शब्द वापरला नाहीस. याचाही मला हेवा वाटला. मला तुझ्याविषयी एकट्याने इतके चांगले कधी राहता आले नाही.

तू "राहिले" लिहिलेस. मी "गाळले" लिहिले. परवा ठाण्याला जाऊन अर्ज देऊन आलो. त्यात लिहिले आहे की जबानी मी लिहिली, आरोपी "जाळाच्या तोंडाला" असे बोलला होता, त्या बोलण्याचा अर्थ मला ठाऊक होता आणि ते शब्द मी जाणून गाळले. खाली सही केली. चाकरी जाईल. आणखीही काही होईल. बायकोला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "विसूभाऊजी असताना केलं असतंत, तर त्यांना किती बरं वाटलं असतं." त्या क्षणीही तिला तूच आठवलास. या वेळी मला राग आला नाही. थोडा आला.

मग काल मी गवळवाडीला गेलो.

वाट तू पूर्वी सांगायचास तशीच आहे, ओढ्याच्या कडेने. पण वाडीजवळ गेलो आणि थबकलो. गुरे चरत होती तेव्हा वाडीभोवतीचा डोंगर पायाखालच्या गोधडीसारखा असे. आता राखीव रानातले गवत पुरुषभर वाढून, वाळून, पिवळे होऊन घरांच्या कुडांना टेकले आहे. धाकू अंगणात कोयत्याला मूठ बसवत होता. त्याची बायको ताक घुसळत होती.

"या, कारकूनदादा," धाकू म्हणाला. "उनातानाचे आले. ताक घ्या."

मी म्हणालो, "आधी ऐक. तुझ्या जबानीत दोन शब्द..."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"शब्दांचं. वकीलसायब तवाच बोलले. ठान्याला जायच्या आधी इथंच बसले व्हते, तुमी उभे हाय तिथं. म्हनले, धाकू, माझ्या दोस्ताकडून दोन शब्द राहिले. मी त्याला कोर्टात उभा केला तर तू सुटशील, पन त्याची चाकरी जाईल, त्यालाच आत टाकतील. तू सांगशील तसं करतो. त्याच्या वतीनं मी माफी मागतो."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. तीन म्हैने काय, पावसाळ्यासारके जातील. तुमची पोरं बारकी व्हती तवा. आमाला काय ठावं चराईचं असं व्हईल. वकीलसायबांना बी ठावं नव्हतं. लई लागलं त्यांच्या जिवाला."

विसू, मी तिथेच खाली बसलो. न्यायाधीशांनी विचारले तेव्हा तू वळून का पाहिले नाहीस, ते सात वर्षांनी कळले. आणि माझ्या मनात काय आले सांगू? कृतज्ञता नाही, ती मागून आली. आधी आले ते हे, की माझी माफीसुद्धा याने आधी मागून ठेवली. एवढी एक गोष्ट माझी स्वतःची होती, तिच्यातही तू पहिला.

मी म्हणालो, "मग माझं काही काम उरलं नाही."

तेव्हा धाकूच्या बायकोने रवी थांबवली. इतका वेळ तिने माझ्याकडे पाहिलेही नव्हते.

"उरलं नाय कसं? ते मागून गेले ती त्यांची माफी. देवमानूस, त्यांनी काय केलं व्हतं? ताक उसनं मिळतं, दादा. माफी उसनी नाय चालत." तिने गवताकडे हात केला. "ते बघा. आमची गुरं व्हती तवा दारापुढं काडी उभी ऱ्हात नव्हती. उद्या वरून वणवा आला तर काय करायचं आमी? जाळ सोडायचा? सोडला तर पुन्यांदा तुमी जबानी लिवनार."

धाकू म्हणाला, "अगं, जाऊ दे की."

"का जाऊ दे? तुमी म्हनले ऱ्हाऊ दे, म्हशी सगळ्यांच्या गेल्या. सगळ्यांना बोलवा. सगळ्यांम्होरं बोलू दे."

धाकूने हाक घातली. माणसे आली, फार नाहीत, जी उरली आहेत ती. मी उभा राहिलो. अर्जाची नक्कल माझ्याजवळ होती, पण ती मी काढली नाही. कागदावरचे माझे अक्षर फार चांगले आहे. त्या अक्षरामागे लपून मला बोलायचे नव्हते. बोललो ते असे:

"वणवा वरून आला, वासरं दावणीला होती, तेव्हा धाकूने जाळाच्या तोंडाला जाळ सोडला. असं तो म्हणाला. मी ऐकलं. त्याचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक होता. ते दोन शब्द मी लिहिले नाहीत. ते राहिले नाहीत, मी गाळले. घाईत नाही, चुकून नाही. माझ्या मित्राचा मला हेवा वाटत होता, म्हणून. त्याने मला वाचवलं, धाकूने मला वाचवलं, आणि भोगलं तुम्ही सगळ्यांनी. तुमची गुरं माझ्यामुळे गेली. हे मी सरकारला लिहून दिलं आहे. ते काय करतील ते करतील. तुम्ही मला क्षमा करा किंवा करू नका, मी मागतो आहे. विसूच्या वतीने नाही. ही माझी माफी आहे."